बैलजिभेची लेक

भीमाबाईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम वाढलेलं असायचं. बाकीची नऊ नखं राखेनं भांडी घासून आणि फरश्या पुसून झिजून गेलेली, आणि हे एकटं मात्र ऐटीत. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या शेजारणी चिडवायच्या, "काहून वं भीमाबाई, एकाच नखाले पालिश लावाची हाये का?" भीमाबाई म्हणायची, "ते माह्यं हत्यार हाये, बाप्पा."

आणि ते खरंच हत्यार होतं. पोळा झाला की खाप्याकडच्या शेतांत संकरित कापसाच्या बियाण्याचं काम निघायचं. त्याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणत. दिवस कलताना उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं तिची पाकळी आणि आतला नराचा पिवळा तुरा सोलून काढायचा, आणि मधल्या मादीच्या काडीला ओरखडासुद्धा जाऊ द्यायचा नाही. मग खूण म्हणून लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या जातीचं नर फूल आणून त्या काडीवर घासायचं. दुपार झाली की संपलं. कापसाचं फूल एका दिवसाचं पाहुणं. हे काम पुरुषांना जमत नाही. एकदा तिच्या नवऱ्यानं, नत्थूजीनं, हौसेनं करून पाहिलं आणि अर्ध्या तासात अख्ख्या ओळीच्या काड्या मोडून ठेवल्या. मालकानं हात जोडले, तेव्हा कुठे तो बांधावर जाऊन बसला. भीमाबाईनं सोललेली कळी मात्र हमखास बोंड धरायची.

पण हे काम दीड-दोन महिन्यांचं. तेवढ्या दिवसांत तिच्या घरकामावर तिची जाऊ बदलीला जायची. वर्षाचे बाकी दिवस भीमाबाई धरमपेठेत वामनराव सरांकडे कामाला.

वामनराव कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या व्हरांड्यात लाकडी पायऱ्यांच्या मांडणीवर शंभराच्या वर कुंड्या होत्या. सगळी जाड पानांची, पोटात पाणी साठवणारी झाडं. नागपूरच्या उन्हाळ्याला दुसरं काय टिकणार म्हणा. प्रत्येक कुंडीत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खोचलेली आणि तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं लॅटिन नाव. सर म्हणायचे, "ज्याला नाव नाही, त्याला माझ्या व्हरांड्यात जागा नाही." भीमाबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिचीही प्रत्येकाला नावं होती. एक गॅस्टेरिया होती. जिभेसारखी जाड पानं समोरासमोर दोन रांगांत, आणि त्यांच्यावर पांढरे खरबरीत दाणे. ती बैलजीभ. तिच्या शेजारी एक ठेंगणी कोरफड, हिरव्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. ती पट्टेवाली. सरांना ही नावं ठाऊक होती. ती ऐकली की ते मिशीत हसायचे.

सरांचा एक दंडक होता. फुलं झडली की दांडा बुडातून कापून फेकायचा. "बी धरलं की झाड थकतं," ते सांगायचे. भीमाबाई दरवर्षी कात्री घेऊन सगळे दांडे कापायची, आणि कुंड्यांतली जुनी माती बदलली की तीही घमेल्यात भरून बाहेर टाकायची.

सरांच्या आयुष्यात एक दुःख होतं, आणि ते त्यांचं सगळ्या धरमपेठेला सांगून झालं होतं. विलायतेतल्या एका मित्रानं त्यांना पार्सलनं एक संकरित रोप पाठवलं होतं. आई गॅस्टेरिया, बाप कोरफड. काचेच्या घरात, बारीक ब्रशानं तिथल्या माळ्यानं जमवलेलं लग्न. सरांनी त्याला आठ महिने तळहातावर जपलं आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी पाहिलं तर कुंडी रिकामी. घुशीनं ओढून नेलं म्हणा, कुजून मातीला मिळालं म्हणा. सर आठवडाभर धड जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी देवकीबाई म्हणाल्या, "माणूस गेल्यासारखं काय करता?" तर तेही त्यांना लागलं.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचं समजतं.

शहात्तरच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवार होता. रविवारी सकाळी सरांकडे झाडवेडी मंडळी जमायची. सीताबर्डीवर कापडाचं दुकान असलेले ओमप्रकाशजी, जंगलखात्यातून निवृत्त झालेले महादेवराव, आणखी दोघे-तिघे. भीमाबाई रविवारी उशिरा यायची. त्या दिवशी ती हातात डालड्याचा डबा घेऊन आली. बसमध्ये लोकांच्या कोपरांपासून वाचवत, मांडीवर बाळासारखा धरून आणलेला. डब्यात एक झाड होतं, आणि त्याला पहिल्यांदाच फुलांचा दांडा आला होता.

झाड असं की तिनं आपल्या जन्मात पाहिलं नव्हतं. पानं बैलजिभेसारखी जाड, पण दोन रांगांत नाहीत, गोल फिरत गेलेली. अंगावर दाणे, पण ते आडव्या ओळींत, पट्ट्यासारखे. तिच्या मनात आनंद मावत नव्हता. सरांच्या शंभर कुंड्यांत नाही असं झाड आपल्या दारात उगवलं, आणि आता सर त्याचं नाव सांगणार, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं होतं की नवं निळं पातळ नेसून आली होती बिचारी.

"सर, हे कोन हाये सांगा बरं," ती म्हणाली.

वामनरावांनी मान पुढे काढून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांवर तेव्हाच धुकं चढायला लागलं होतं. कडेचं दिसेनासं झालं होतं. काचबिंदू. पण हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले नाहीत. हातभर अंतरावरून पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"कुठून आणलंस?"

"माह्याच घरी उगवलं जी. तुमच्याइथली जुनी माती मी डब्यात भरली होती ना, मिरच्या लावाले. त्याच्यात आलं."

"आपोआप?"

"हो जी."

"भीमाबाई, हे झाड आपोआप येत नाही. याला माळी लागतो, ब्रश लागतो. असं झाड नागपुरात एकच होतं, आणि ते या व्हरांड्यातून गेलं."

महादेवराव चपलेच्या टोकाकडे पाहायला लागले. भीमाबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा कानांतून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. चौदा वर्षं या घरात ती वावरली. देवकीबाईंच्या पाटल्या मोरीच्या कट्ट्यावर विसरलेल्या असायच्या, त्या उचलून ती कपाटावर ठेवायची. आणि आज, पाच माणसांत, एका झाडासाठी.

दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर डबा उचलून तडक घरी गेली असती. भीमाबाईनं डबा व्हरांड्याच्या कोपऱ्यात, कठड्यावर ठेवला.

"राहू द्या इथंच," ती म्हणाली. "ज्याचं निघन, त्यानं नेवाचं. मी काम सोडत नाही. सोडलं तर लोक म्हनतीन, चोर पळाला. अन् याचे मायबाप कोन हायेत ते मीच तुमाले दाखवीन. मले ती बैलजीभ अन् ती पट्टेवाली द्या फक्त. त्याईच्या दांड्याले कात्री लावाची नाही."

ओमप्रकाशजी चटकन म्हणाले, "वामनरावजी, एवढी तर उसकी बात मानो. शहानिशा होऊन जाईन ना."

"ठीक आहे," सर म्हणाले. "आणि शहानिशा होईपर्यंत मी याला हात लावणार नाही. कुंडी देणार नाही, नावही देणार नाही."

रोज दहा वाजता देवकीबाई तिला चहा द्यायच्या. व्हरांड्याच्या कोनाड्यात तिचा एक कान तुटलेला कप ठेवलेला असायचा, त्यात. त्या दिवशी चहा आला तेव्हा भीमाबाई म्हणाली, "नको बाई." दुसऱ्या दिवशीही नको. देवकीबाई पंधरा दिवस विचारत राहिल्या, मग त्यांनी विचारणं सोडलं. कप कोनाड्यात राहिला.

घरी नत्थूजीनं हे ऐकलं आणि तो भडकला. "झाडासाठी चोर म्हनते? फेक ते काम. मी गिरणीत जातो ना?"

"तुमी गप राहा," भीमाबाई म्हणाली. "माह्यं नाव खराब झालं, तुमचं नाही. ते मीच धुवीन."

बैलजिभेला आणि पट्टेवालीला तेव्हाच फुलं आलेली. भीमाबाईला वाटलं, यात काय मोठंसं? हजारो कळ्यांची लग्नं लावली आपण. दुपारी सगळं आवरल्यावर ती स्टुलावर बसली, बैलजिभेची कळी दोन बोटांत धरली, नखानं तिची नळी चिरली आणि आतले सहा पुंकेसर अलगद उपटून काढले. लाल दोरा बांधला. सकाळी आल्याबरोबर पट्टेवालीच्या फुलातला पराग आणून मधल्या काडीवर लावला. उलटंही केलं, पट्टेवाली आई आणि बैलजीभ बाप, आणि तिथं पांढरा दोरा बांधला. चाळीस-एक फुलं केली. वामनराव आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत.

पाच-सहा दिवसांत फुलं गळायला लागली. आज लाल दोऱ्याची तीन, उद्या पांढऱ्या दोऱ्याची सात. बोंड एकही नाही. जिच्या हातची कळी कधी फुकट गेली नाही त्या भीमाबाईच्या पुढ्यात फरशीवर दोरे बांधलेली चाळीस फुलं. तिनं ती स्वतःच झाडून काढली. त्या दिवशी मात्र ती मोरीत भांड्यांपुढे बसून रडली, नळ मोठा सोडून.

महादेवराव पुढच्या रविवारी म्हणाले, "बाई, ही दोन वेगळी घराणी आहेत. जमत नसतं ते." ते चांगल्या मनानंच म्हणाले होते, पण तिला ते टोचलं.

दोन्ही दांड्यांच्या टोकाला शेवटची आठ-दहा फुलं उरली होती. भीमाबाई व्हरांडा पुसत होती, आणि शिंजीर आला. जांभळा, चकचकीत, अंगठ्याएवढा पक्षी. तो पट्टेवालीच्या फुलात वाकडी चोच घालायचा आणि तिथून उडून बैलजिभेवर यायचा. हे ती चौदा वर्षं पाहत होती. पण त्या दिवशी तिचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. तो ताज्या फुलाकडे जसा जात होता तसाच दोन-तीन दिवसांच्या, कडा सुकलेल्या फुलाकडेही जात होता. जुन्यात काय ठेवलंय याच्यासाठी? कापसाचं फूल दुसऱ्या दिवशी लाल पडून मिटतं, त्याच्याकडे माशीही पाहत नाही.

हातातलं फडकं तसंच टाकून ती उठली. तिनं आधी त्या सकाळी उमललेलं फूल वाकून पाहिलं. तोंडाशी पिवळे परागकोष, आणि मधली मादीची काडी आखूड, कोरडी, आत दडलेली. मग तीन दिवसांचं फूल पाहिलं. परागकोष वाळून काळे पडले होते, आणि ती आखूड काडी लांब होऊन बाहेर आली होती. तिच्या टोकाला एक थेंब होता. मोहरीहून लहान, चिकट, उन्हात चमकणारा.

भीमाबाई कितीतरी वेळ तशीच वाकून उभी राहिली. एकच फूल. आधी ते नर असतं, स्वतःजवळचं सगळं देऊन टाकतं, आणि मग थांबून, दोन-तीन दिवसांनी मादी होतं. स्वतःचा पराग संपल्यावरच दुसऱ्याचा घ्यायला दार उघडतं. तिच्या अंगावर काटा आला. हजारो फुलं तिनं सोलली होती, पण एखाद्या फुलापुढे हात जोडावेत असं तिला आजवर वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि तिनं खरंच जोडले.

मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. कापसाची घाई तिनं या शांत झाडाला लावली होती. दार उघडायच्या आधीच पाहुणा आणून उभा केला होता. चाळीसच्या चाळीस वेळा!

पण नवी कळी सोलून तिच्यावर थेंब येईपर्यंत पट्टेवालीची उरलेली फुलंही संपणार होती. एवढं कळूनही एक वर्ष थांबायचं होतं.

ती थांबली. नत्थूजी म्हणाला, "वर्षभर? एका फुलासाठी?" ती म्हणाली, "तुमाले पोरगं झालं तवा नऊ महिने थांबले होते का नाही?" पोळ्यानंतर ती खाप्याला जाऊन क्रॉसिंग करून आली. एप्रिलमध्ये, डिसेंबरमध्ये, कामावर असेल तेव्हा रोज, डालड्याच्या डब्याला तिनंच पाणी घातलं. चहा घेतला नाही.

सत्याहत्तरच्या फेब्रुवारीत दोन्ही झाडांना पुन्हा दांडे आले. या खेपेला तिनं कळी सोलली, दोरा बांधला, शिंजिरानं ढवळाढवळ करू नये म्हणून जुन्या पातळाचा विरळ तुकडा त्यावर बांधला, आणि मग काहीच केलं नाही. रोज नुसतं डोकावून बघायचं. तिसऱ्या दिवशी काडी लांब झाली, थेंब चमकला, तेव्हाच तिनं पराग लावला.

पांढऱ्या दोऱ्याची, म्हणजे पट्टेवाली आई असलेली, सगळी गळली. लाल दोऱ्याची तीन राहिली. बैलजिभेचा दांडा कधी नाही तो खाली झुकला आणि त्याच्यावर तीन हिरवी बोंडं ताठ उभी राहिली. भीमाबाईनं हे कोणालाही दाखवलं नाही. नजर लागेल अशी भीती नव्हती. महादेवराव परत काही चांगल्या मनानं बोलतील अशी होती.

बोंडं तडकली तेव्हा आत काळं, पातळ बी निघालं, कांद्याच्या बियांसारखं. ऊन उतरल्यावर तिनं ते मातीच्या परळात पेरलं. एकवीस दिवसांनी हिरवे ठिपके दिसले. अकरा. सरता पावसाळा सात घेऊन गेला. चार उरली.

आणि मग त्या चौघांनी तिचा अंत पाहिला. लहानपणी या जातीची सगळीच पोरं सारखी दिसतात, पानं समोरासमोर, दोन रांगांत. पहिलं वर्ष गेलं. दुसरं गेलं. ती रोज बघायची, ही बैलजीभच निघते की काय. अठ्ठ्याहत्तर संपलं, एकोणऐंशीचा उन्हाळा आला. आणि एका सकाळी तिला दिसलं की सर्वांत मोठ्या रोपाचं नवं पान रांग सोडून जरा वाकडं आलंय. पुढचं आणखी वाकडं. पानं गोल फिरायला लागली होती. दाणे आडव्या ओळींत बसत होते. तिनं परळ उचलून डालड्याच्या डब्याशेजारी ठेवलं. एका आईच्या लेकी बाजूबाजूला बसल्यावर जशा ओळखू येतात, तशी ती ओळखू येत होती.

तिला वाटलं, आत्ताच सांगावं. पण आत खुर्चीत सर बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आता जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. वर्तमानपत्र देवकीबाई वाचून दाखवायच्या. ज्या माणसाला दाखवायचं होतं, त्याचेच डोळे गेले होते. सांगितलं तर कशावरून विश्वास ठेवणार? तिनं ठरवलं, फुलं येऊ दे.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत फुलं आली.

रविवार होता. मंडळी तीच, फक्त पिकलेली. भीमाबाई पुढे आली आणि म्हणाली, "सर, तुमचा हात द्या."

पाच वर्षांत ती त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त पहिल्यांदाच बोलत होती. वामनरावांनी तळहात पुढे केला. तिनं त्यावर एक फूल ठेवलं.

त्यांनी ते बोटांत फिरवलं. "गॅस्टेरिया," ते म्हणाले. "खाली फुगलेलं पोट. या पोटावरूनच हिला नाव मिळालंय."

दुसरं ठेवलं. "कोरफड. पट्ट्यांची. सरळ नळी, पोट नाही."

तिसरं ठेवलं. सर थांबले. त्यांचा अंगठा फुलावरून हळूहळू वर गेला, खाली आला, परत वर गेला. "पोट आहे," ते पुटपुटले. "पण थोडंसंच. दोघांच्या मधलं." "हे डब्यातल्याचं?"

"नाही जी. हे मी केलेल्याचं. बैलजीभ माय, पट्टेवाली बाप. डब्यातल्याचं हे घ्या."

चौथं फूल त्यांनी तिसऱ्याच्या शेजारी धरलं. सर एक चाचपायचे, मग दुसरं. "एकच आहेत," ते म्हणाले. "अगदी एक."

मग म्हणाले, "मला झाड दे. डब्यातलं."

तिनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं पानावर गेली आणि तिथंच राहिली.

"खरबरीत आहे," ते म्हणाले.

"हो जी. बैलजिभेवानी."

"माझं विलायतेचं रोप गुळगुळीत होतं. काचेसारखं. मी रोज त्याच्यावरची धूळ मलमलीनं पुसायचो." त्यांनी मान वर केली, न दिसणारे डोळे भीमाबाईच्या आवाजाकडे वळले. "त्या दिवशी मी हात लावला असता, तर एका क्षणात कळलं असतं. मी नुसतं लांबून पाहिलं. पाच वर्षं ते इथं होतं आणि मी हात लावला नाही."

भीमाबाईनं त्यांच्या मांडीवरून घसरणारा डबा सावरला.

"पण मग मूळचं हे आलं कुठून? ब्रश कोणी फिरवला?"

"शिंजिरानं," ती म्हणाली. "मी पाह्यलं ना. याच्यावरून त्याच्यावर, याच्यावरून त्याच्यावर. त्र्याहत्तरले माह्या भावाच्या पोरीचं लग्न होतं, रामटेकले. मी दीड महिना आली नव्हती. दांडे कापाचे राहून गेले, जावेले सुचलं नाही. त्याईनं बी धरलं, ते तडकून मातीत पडलं. अन् ती माती तुमीच फेकाले सांगतली होती."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून ओमप्रकाशजींनी नजर वळवली.

"म्हणजे तो पक्षी दरवर्षी ही लग्नं लावत होता," सर म्हणाले. "आणि दरवर्षी मी कात्री लावायला सांगत होतो. माझ्या उशाशी. वीस वर्षं. आणि मी विलायतेच्या पार्सलाची वाट पाहत बसलो होतो." ते हसले की रडले ते कळलं नाही, दोन्ही झालं असावं. मग ते खुर्चीचे हात धरून उभे राहिले.

"ओमप्रकाशजी, महादेवराव, ऐका. याच जागी, तुमच्यासमोर, मी भीमाबाईंना चोर ठरवलं होतं. चोर त्या नव्हत्या. चूक माझी होती. भीमाबाई, तुम्ही मला माफ करा."

चौदा आणि पाच, एकोणीस वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं. इतक्या वर्षांत कितीदा तिनं मनातल्या मनात या घडीसाठी शब्द जुळवले होते, चांगले झणझणीत. त्यातला एकही आता आठवेना.

"बसा सर," ती एवढंच म्हणाली. "पडान."

सरांनी अ‍ॅल्युमिनियमची कोरी पट्टी आणि खिळा मागवला आणि ओमप्रकाशजींच्या हातात दिला. "मी सांगतो तसं कोरा. वर गॅस्टेरिया. मग फुलीची खूण. खाली कोरफड."

"पहले बाप का नाम नहीं?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

"नाही. संकराच्या नावात आम्ही आधी आई लिहितो. जिनं बी वाढवलं, ती."

भीमाबाईचे डोळे मोठे झाले. तिला वाटलं आपल्याला कोणी चिडवतंय. "शाळंत पोरीचं नाव घालाले गेली तवा मास्तरनं मले विचारलंबी नव्हतं," ती म्हणाली. "बापाचं नाव अन् आडनाव, झालं. अन् झाडाच्यात माय पयली?"

"पहिली," सर म्हणाले.

"मंग झाडं शहानी हायेत."

देवकीबाई आतून ट्रे घेऊन आल्या. निळ्या काठाचे सहा कप, बशांसकट. रविवारी पाहुण्यांचे कप पाच असायचे. सहावा त्यांनी भीमाबाईपुढे धरला. कोनाड्यातला तो कान तुटलेला कप तिथं नव्हता; सकाळी असलेला कधी नाहीसा झाला, कोणी पाहिलं नाही. भीमाबाईनं निळ्या काठाचा कप घेतला, स्टुलावर बसली, आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्याली.

"साखर कमी हाये, बाई," ती म्हणाली. देवकीबाई डोळे पुसत हसायला लागल्या.

जाताना तिनं डालड्याचा डबा उचलला. "ज्याचं निघन त्यानं नेवाचं, ठरलं होतं. या चार बहिनी तुमच्याइथं राहू द्या. पन यंदा दांडे मी कापनार नाही."

"एकही नाही," सर म्हणाले.

बसमध्ये गर्दी होती. भीमाबाईला खिडकीजवळ जागा मिळाली. डबा मांडीवर, एक हात त्याच्याभोवती. डब्यात खोचलेली पट्टी नवी कोरी, तिच्या कडांना अजून खिळ्यानं निघालेला चुरा होता. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते लांब वाढवलेलं नख पहिल्या ओळीवर ठेवलं आणि कोरलेल्या खाचांमधून हळूहळू फिरवलं. वरची ओळ आईची होती, एवढं तिला न वाचताही ठाऊक होतं. इंदोरा येईपर्यंत ती तीच ओळ चाचपत राहिली.